रिठ्याने धुतलेल्या कपड्यांना पावसाळ्यात कुबट वास येतो, धुतला तरी परत येतो: काय तपासायचं, काय करायचं

तक्रार ठरलेली असते. कोणी बाजारची पावडर बंद करून रिठा धरतं, कोणी घरगुती खोबरेल साबण, कोणी बायोएन्झाइम, म्हणजे संत्र्याच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं पाणी. मार्च ते मे सगळं छान चालतं. मिरग लागला की पंधरा दिवसांत टॉवेल, बनियन आणि उशांचे अभ्रे कुबट यायला लागतात. पुन्हा धुतले की दोरीवर ठीक वाटतात, पण अंग पुसलं किंवा घाम आला की वास हजर. मग घरातलं कोणीतरी म्हणतंच, "तरी सांगत होतो, ती पावडर आण."

गुहागरला आमच्या घरी पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. भर पावसातही माणसं येतात, त्यामुळे चादरी-टॉवेलांचं धुणं आम्हाला चुकत नाही, आणि हा प्रश्न शेजारपाजारचे दर वर्षी विचारतात. माझं मत असं की यात रिठ्याचा दोष थोडा, गार पाण्याचा जास्त आणि वाळवण्याचा सगळ्यात जास्त. लोक मात्र वास आला की पहिल्यांदा साबण बदलतात. तो सगळ्यात शेवटी बदला.

आधी वास ओळखा

कपडा कोरडा असताना वास नाही, ओला झाला की येतो, आणि ओल्या पोत्यासारखा येतो: हा खरा कुबट. हे जिवाणूंचं काम. उशीचा अभ्रा आणि शर्टाची कॉलर कोरडी असतानाही जुन्या खोबऱ्यासारखी वासत असेल तर ते खवट तेल आहे, केसांतलं नाहीतर साबणातलं. आंबूस-गुळचट वास असेल तर रिठ्याचं पाणी शिळं झालेलं किंवा बायोएन्झाइम कपड्यात राहिलेलं. मशीनमधून काढताक्षणी, दोरीवर जायच्या आधीच वास येत असेल तर कपड्यांना सोडा आणि मशीन तपासा. आणि कपाटातून काढलेल्या साडीला मातकट वास, वर बारीक काळे ठिपके, ती बुरशी. तिचं शेवटी सांगते.

यातला खरा कुबट वास सगळ्यात चिवट. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये धुतलेल्या कपड्यांच्या वासामागचा मुख्य जिवाणू दाखवला: मोराक्झेला ऑस्लोएन्सिस. घाम आणि त्वचेच्या तेलाचा जो अंश कपड्यात उरतो त्यापासून तो ४-मिथाइल-३-हेक्सेनोइक आम्ल तयार करतो, आणि वास त्या आम्लाचा. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, ती आपल्या कामाची आहे. हा जिवाणू कोरडेपणा आणि अतिनील किरणं दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. म्हणजे पावसाने उघडीप दिली, टॉवेल तासभर उन्हात टाकला, वास गेला असं वाटलं तरी तो नुसता गप्प बसलेला असतो. पुन्हा ओल मिळाली की कामाला लागतो. वास "परत येतो" तो असा. खरं तर तो गेलेलाच नसतो.

त्याला मारायला उष्णता लागते, आणि त्याचं खाणं काढून घ्यायला क्षार लागतो. रिठ्यात दोन्ही नाही.

रिठा कुठे कमी पडतो

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं. फेस येतो, मळ सुटतो, हे खरं. पण रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. म्हणून तर ते पैठणीला, लोकरीला आणि सोन्याच्या दागिन्यांना चालतं, धागा खात नाही. अंगाचं तेल धाग्यात मुरलेलं असेल तर मात्र ते तोडायला क्षार हवा, आणि गार पाण्यातला रिठा तिथे वरवरचं काम करून मोकळा होतो. उन्हाळ्यात हे कळत नाही, कारण कपडा तासाभरात खडखडीत वाळतो आणि जिवाणूला वाढायला वेळच मिळत नाही.

जुन्या लोकांनी रोजच्या सुती कपड्यांना नुसता रिठा कधी लावला नाही. परीट कपडे खाराच्या किंवा सोड्याच्या पाण्यात भिजवून भट्टीत वाफवायचा. घरी राखेची निवळी असायची. नारळाच्या सोडणाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार भरपूर, त्यामुळे ती चांगली चाले. आज "आजीच्या पद्धतीने" म्हणून आपण रिठा तेवढा घेतला आणि भट्टी विसरलो. राखेची निवळी मी आता सुचवत नाही. तिची ताकद दर वेळी वेगळी निघते आणि नीट गाळली नाही तर पांढरे कपडे करडे होतात. वाण्याकडे धुण्याचा सोडा सुटा मिळतो, तो घ्या. खाण्याचा सोडा घेऊ नका, तो या कामाला फार सौम्य आहे.

मूळ उपाय: एकदा भट्टी, मग रिठा

वास धरलेले सुती कपडे एकत्र काढा. टॉवेल, पंचे, चादरी, अभ्रे, बनियन. रेशीम, लोकर आणि जरीचं काही त्यात जाऊ देऊ नका. भडक रंगाच्या कपड्याचं एक टोक आधी भिजवून पाहा.

पाणचुलीवर किंवा गॅसवर पाणी उकळा. स्टीलचं पातेलं घ्या, जर्मनचं नको. सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि पातेलं काळं पडतं. थर्मामीटर नसेल तर हिशेब सोपा आहे: दोन भाग उकळतं आणि एक भाग विहिरीचं साधं पाणी मिसळलं की साधारण ७५ अंश होतं. बादली आणि कपडे थोडी उष्णता ओढून घेतात, तरी ६० च्या वर राहतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय. पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, नीट विरघळू द्या, मग कपडे बुडवून झाकण ठेवा. हात घालू नका, काठीने दाबा. एक तास.

झाकण काढलंत की पाणी बघा. पहिल्या वेळेला ते चहासारखं तपकिरी दिसतं, वर तेलकट साय, आणि हे "स्वच्छ धुतलेल्या" टॉवेलांतून आलेलं असतं. पाणी टाकून द्या, नेहमीसारखं धुवा, दोनदा खळबळा. शेवटच्या बादलीत एक लहान चमचा लिंबूसत्व किंवा अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला, म्हणजे उरलासुरला सोडा निघतो आणि टॉवेल कडक होत नाही. इथे कोकमाचं आगळ वापरून पाहावं असं कोकणात कोणाच्याही मनात येतंच. नका. रंग बसतो तो बसतोच, आणि आगळात मीठ असतं. मिठाचं पुढे येईल.

पांढऱ्या चादरी-टॉवेलांना सोड्याऐवजी सोडियम परकार्बोनेट चालेल, दुकानात ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळतं. कोमट-गरम पाण्यात त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो, आणि पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजन. गार पाण्यात ते जवळपास निजलेलं असतं. पाण्यात कालवून बाटलीत बूच लावून ठेवू नका, आत वायू साठून बाटली फुटते.

ही भट्टी रोज नको. टॉवेल-बनियनांना पावसाळ्यात पंधरवड्याला एकदा पुरते, मधले दिवस रिठा चालवा. रिठ्याचं पाणी मात्र ताजं करा. उकळून गाळलेलं पाणी जुलैच्या हवेत ओट्यावर दोन दिवसांत आंबतं. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं, नाहीतर बर्फाच्या साच्यात गोठवा आणि लागतील तेवढ्या वड्या काढा.

वाळवणं: इथेच सगळे अडकतात

पाच किलो सुती कपडे चांगले पिळले तरी त्यांत दोन-अडीच लिटर पाणी असतं. ते हवेत जायचंय. आता खोलीचा हिशेब मांडा. दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंची, दारं-खिडक्या बंद, तापमान २७ अंश, आर्द्रता ९० टक्के. जुलैत किनाऱ्यावर हे रोजचंच. अशा खोलीतली सगळी हवा मिळून आणखी जेमतेम ९० ग्रॅम वाफ घेऊ शकते. अर्धा पेलाही नाही. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावून आत दोरी बांधली, तर एक ओला पंचा ती हवा भरून टाकतो आणि बाकीचे कपडे नुसते लटकत राहतात. वर पंखा फिरत असला तरी तीच ओली हवा घुसळली जाते.

तीच हवा पाच अंशांनी तापवली, २७ ची ३२ झाली, तर ती साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास वाफ घेते. चौपट. चुलीच्या वर वलणी का असायची, बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर डालगं पालथं घालून बाळाचे लंगोट का वाळवायचे, ते यात आहे. आणि वर कौलं होती, फटींतून ती वाफ निघून जायची. स्लॅबच्या घरात शेगडी पेटवून दार लावू नका, कोळशाच्या धुराने जीव जातो. गॅसच्या शेगडीवर दोरी बांधण्यातही अर्थ नाही. गॅस जळताना त्याचीच भरपूर वाफ होते, आग लागायची भीती वेगळी.

मग करायचं काय? पडवी असेल तर पडवीच. पावसाचा सपकारा चुकेल इतक्या आत दोरी घ्या, पण वारा आरपार जाईल अशी, आणि टेबलफॅन बाजूने लावा. कपड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा. चादर दोरीवर दुहेरी टाकू नका. दोन समांतर दोऱ्यांवर तंबूसारखी पसरा. पडवी नसेल तर एकच लहान खोली धरा, तिला एक्झॉस्ट पंखा बसवा आणि समोरची एक फट उघडी ठेवा. फ्रीजच्या मागची उबदार जागा रुमाल-मोज्यांना चालते. ज्यांना परवडतं त्यांनी हवेतली ओल ओढणारं यंत्र घ्यावं. कपडे वाळवायच्या मशीनपेक्षा ते मला बरं वाटतं, कपाटाच्या खोलीलाही उपयोगी पडतं. अर्थात लाइट असेल तर. वादळी दिवसात लाइट गेली आणि पिळलेले कपडे मशीनमध्येच राहिले तर झाकण उघडून ताबडतोब बाहेर काढा, रात्रभर तसेच राहू देऊ नका.

एक धुणं सकाळी टाकलं आणि संध्याकाळी दमटच लागलं तर रात्रभर दोरीवर तसं ठेवू नका. कडक इस्त्री फिरवा, सुती कपड्याच्या आकड्यावर. ती कपडा वाळवते आणि जिवाणूही मारते. बनियन आणि आतले कपडे तर पावसाळाभर इस्त्री करूनच घाला.

आणि टॉवेल. जाड टर्किश टॉवेल कोकणातल्या पावसाळ्यासाठी बनलेलाच नाही, तो दिवसभरात वाळत नाही. जूनमध्ये ते धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून ट्रंकेत टाका आणि पंचे बाहेर काढा. आमच्याकडे पाहुण्यांनाही पंचाच असतो. पहिल्या दिवशी काहीजण नाक मुरडतात.

कोरडा होऊनही कपडा दमट लागतो

हे मिठाचं. समुद्रात भिजलेले कपडे, खाऱ्या वाऱ्यावर चार दिवस टांगलेले पडदे, मे महिन्यात खाडीकाठच्या मचूळ विहिरीच्या पाण्याने धुतलेल्या चादरी: धाग्यांत मीठ राहतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं म्हणून ते त्याच्याही बरंच आधी पाझरतं. असा कपडा कितीही वाळवा, घडी केली की पुन्हा ओलसर. उपाय एकच, गोड्या पाण्याने तीनदा खळबळणं. जूनमध्ये पागोळ्यांचं पाणी पिंपात धरा. पहिले दोन-चार दिवस कौलांवरची घाण वाहून जाऊ द्या, मग धरा. याहून चांगलं खळबळायचं पाणी नाही.

याच गुणाचा उलटा फायदा घ्या. कपाटात वाटीभर बारीक शुद्ध मीठ ठेवा. ते ओलं झालं तर आतली आर्द्रता ७५ च्या पुढे आहे आणि बुरशीला रान मोकळं आहे. खडेमीठ ठेवू नका, ते कायमच पाझरतं आणि काहीच सांगत नाही.

साबण जास्त होतोय का?

जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं. त्यात साबण थोडका लागतो, पण मापाचा डबा शहरातल्या जड पाण्याच्या सवयीने भरला जातो. उरलेला साबण धाग्यात बसतो. तपासायचं तर धुऊन वाळलेला टॉवेल बादलीभर गरम पाण्यात खळबळा. फेस आला किंवा पाणी दुधी झालं की कळलं. माप निम्मं करा.

घरगुती खोबरेल साबणाचा खवटपणा यातलाच. अंगाच्या साबणात पाचेक टक्के तेल मुद्दाम मोकळं सोडलेलं असतं, त्वचेसाठी. तो किसून कपड्यांना वापरला की तेच तेल कपड्यात राहतं आणि काही आठवड्यांत खवट होतं. करणाऱ्या ताईंना सांगा, कपड्यांसाठी वेगळी वडी हवी, जादा तेल न सोडलेली. खोबरेल साबणाचा एक गुण मात्र दुसऱ्या साबणांना नाही, तो खाऱ्या पाण्यातही फेस देतो.

थोडक्यात बाकीचं

सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालून जोरात फसफसतं, आणि मागे जवळपास नुसतं खारट पाणी उरतं. दोघांनी एकमेकांना संपवलेलं असतं. आधी सोडा, खळबळणं, मग व्हिनेगर. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं ब्लीच वापरत असाल तर त्यात व्हिनेगर, लिंबू किंवा बायोएन्झाइम कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो.

बायोएन्झाइम (गूळ एक, साली तीन, पाणी दहा, तीन महिने) न्हाणीघराच्या फरशीला चालतं, तिथे त्याची आंबट बाजू कामाला येते. कोटा फरशीवर नको, तो चुनखडीचा दगड आहे, आंबटाने निस्तेज होतो. कपड्यांना तर मुळीच नको. आपण वास काढायला निघालोय, जिवाणूंना गुळाचं पाणी पाजायला नाही.

कापूर, नीलगिरीचं तेल आणि वाळा वास झाकतात, घालवत नाहीत. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी, बुरशीसाठी नव्हेत. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर अजिबात ठेवू नका, काही बाळांना त्यांच्यामुळे रक्ताचा त्रास होतो. कडुलिंबाचा पाला खडखडीत वाळलेला असेल तरच ठेवा.

खळ पावसाळ्यात बंद. पेजेची असो वा साबुदाण्याची, बुरशीचं ते जेवण आहे.

मशीनच्या दारातली रबरी पट्टी उलटून बोट फिरवा. काळा गिळगिळीत थर लागला तर वास तिथला आहे. पट्टी पुसा, साबणाचा कप्पा काढून घासा, रिकामं मशीन सगळ्यात गरम पाण्यावर अर्धी वाटी धुण्याचा सोडा घालून फिरवा. पुढे दार उघडंच राहू द्या.

पांढऱ्यावर पिवळट-तांबूस डाग पडत असतील तर पाण्यात लोह आहे. त्याला क्लोरीनचं ब्लीच लावलं तर डाग पक्का होतो. परसात बिलिंबी असेल तर तिचा रस लावा, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल गंज सोडवतं. दहा-पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. नसेल तर लिंबू, मीठ आणि मिळेल तेवढं ऊन.

घरात कोणाला गजकर्ण झालं असेल तर त्या माणसाचे टॉवेल आणि आतले कपडे वेगळे, दर वेळी ६० अंशांच्या पाण्यात. औषध डॉक्टरांकडूनच; कपडे शिजवून माणूस बरा होत नाही, पण कपडे गार पाण्यात धुतले तर बरा झालेला पुन्हा आजारी पडतो.

आता ते काळे ठिपके. सुती कपड्यावर बुरशी धागाच खाते. ताजी असेल तर बाहेर नेऊन झटका, घरात नको, मग परकार्बोनेटच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवा. पांढऱ्यावर बराच फरक पडतो. जुने ठिपके वास गेला तरी राहतात. कपडा दोन्ही हातांनी ताणून पाहा. ठिपक्यापाशी टरकला तर त्याचं पायपुसणं करा, आणि कपाटातल्या बाकीच्या घड्या त्याच दिवशी उलगडा.